अमेरिकेत हक्क, भारतात परवानगी: बीडमध्ये बाराशे बंदुकांचे परवाने आले कुठून?

९ डिसेंबर २०२४. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि अमानुष मारहाण करून त्यांची हत्या करण्यात आली. पुढे काय काय झालं ते महाराष्ट्रानं पाहिलं. मोर्चे निघाले, अटका झाल्या, विधिमंडळ तापलं.

देशमुख यांना गोळी घालून मारलेलं नव्हतं. तरीही त्या हत्येनंतर काही दिवसांतच चर्चा येऊन थांबली ती बंदुकीवर. कमरेला पिस्तूल लावून फिरणारे, हवेत गोळीबार करून त्याचे रील टाकणारे जिल्ह्यातल्या तरुणांचे फोटो आणि व्हिडिओ बाहेर येऊ लागले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी एक आकडा मांडला. बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने दिले गेले आहेत. शेजारच्या परभणीचा त्यांनी सोबत दिलेला आकडा पन्नासच्याही आत होता.

म्हणजे शेजारशेजारचे दोन जिल्हे, कायदा एकच, आणि आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. बीडमधल्या लोकांच्या जिवाला परभणीतल्या लोकांपेक्षा इतका जास्त धोका होता का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. भारतात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. आणि परवानगी म्हटलं की ती देणारा कुणीतरी असतो.

अमेरिकेत नेमकं काय वेगळं आहे?

बंदुकीच्या हक्काचा विषय निघाला की अमेरिकेचं नाव येतंच. तिथल्या राज्यघटनेत १७९१ साली दुसरी घटनादुरुस्ती झाली. शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण हा हक्क नागरी सैन्यदलापुरता की प्रत्येक माणसाचा, यावर पुढची दोनशे वर्षं वाद सुरू होता. २००८ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या बंदीविरोधातल्या हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे.

आपल्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा निकाल २०२२ चा आहे. न्यूयॉर्क राज्यात शंभरेक वर्षं एक नियम होता. घराबाहेर बंदूक घेऊन फिरायचं असेल, तर तुम्हाला इतरांपेक्षा वेगळं, खास कारण दाखवावं लागायचं. ब्रुएन खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा नियम रद्द केला. कोर्टाचा मुद्दा साधा होता. हक्क बजावण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला कारण पटवून द्यावं लागत असेल, तर तो हक्क कसला?

अमेरिकेत रद्द झालेली ही कारण दाखवण्याची अट हाच भारतीय कायद्याचा पाया आहे. पिस्तूल हवं असेल तर ते का हवं, हे तुम्ही सांगायचं आणि अधिकाऱ्याला पटलं तर तो देणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टानंही हा फरक बोलून दाखवला. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेनं कुणालाही दिलेला नाही, असं न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठानं म्हटलं आणि विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

वाचताना वाटेल की हे तर उघडच आहे, भारतात कधी कुणी असा हक्क मागितलाय? मागितला होता. आणि मागणारे साधेसुधे लोक नव्हते.

गांधीजींना बंदुकीचे परवाने हवे होते

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी पहिलं काम केलं ते लोकांच्या हातातली हत्यारं काढून घेण्याचं. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही याच लिटनचा आणि त्याच वर्षीचा. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपननं लवकरच रद्द केला, शस्त्र कायदा मात्र तसाच राहिला.

या कायद्यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे त्यातला वर्णभेद. भारतीयाला बंदूक ठेवायला परवाना लागायचा, युरोपीय माणसाला लागत नसे. संस्थानिक आणि काही मानकरी सोडले तर बाकीच्यांना रानडुक्कर हाकलायचं म्हटलं तरी सरकारदरबारी अर्ज करावा लागे. हा उघड भेद नियमांतून जायला १९२० साल उजाडलं.

म्हणूनच काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून शस्त्र कायद्याविरोधात ठराव होत राहिले. १९१८ मध्ये सैन्यभरतीसाठी गुजरातेत फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकात, ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या कृत्यांत अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा सगळ्यात काळा ठरेल, अशा अर्थाचं वाक्य होतं. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं हे लिहावं याचं आजही अनेकांना आश्चर्य वाटतं. त्यांचं म्हणणं असं होतं की, हत्यार हातात असून न चालवणं ही अहिंसा, हत्यारच काढून घेतलं तर उरतो तो दुबळेपणा. जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनसमोर ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यातली एक मागणी स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, अशी होती. अट एकच, त्यावर लोकांचं नियंत्रण असावं. दारूबंदी आणि मिठावरचा कर लक्षात राहिला, ही मागणी लोक विसरून गेले.

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क होता.

कायद्यानं बंदुका थांबल्या का, हा भाग वेगळाच. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून सावरकरांनी लपवून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होतं. देशातला सर्वांत कडक शस्त्र कायदा तेव्हा तीस वर्षं लागू होता.

मग तो हक्क घटनेत का आला नाही?

स्वातंत्र्य मिळालं आणि घटना लिहायला घेतली. मूलभूत हक्कांच्या कलमावर १ आणि २ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत चर्चा झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून आलेले एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती सुचवली. शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घाला, ही काँग्रेसचीच जुनी मागणी आहे. कामत आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्य चळवळीत आलेले. कराचीचा ठराव समोर होता आणि सभागृहात बहुमत काँग्रेसचंच होतं. दुरुस्ती मंजूर व्हायला हरकत नव्हती.

उत्तर द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. काँग्रेसनं ही मागणी केली होती हा इतिहास आहे, तो कुणी नाकारत नाही, असं त्यांनी आधीच मान्य केलं. पण ज्या परिस्थितीत ती मागणी झाली ती परिस्थिती आता राहिलेली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. परक्या सरकारनं गुलाम प्रजेच्या हातात हत्यार नको म्हणून बंदी घातली होती. आता सरकार आपलं आहे. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेण्याचा हक्क दिला, तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता.

दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या कलमात नागरिकांना शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे. विनाशस्त्र हा शब्द तिथे मुद्दाम आहे.

त्यानंतरही प्रयत्न झाले. १९९३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं एका निकालात, साधी बंदूक बाळगणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चा भाग आहे, असं म्हटलं होतं. पण नंतर त्याच कोर्टाच्या पूर्णपीठानं ते मान्य केलं नाही.

आजचा कायदा: नळी जितकी लांब, परवाना तितका सोपा

१८७८ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालू होता. १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम आला. त्याचे तपशील ठरवणारे नियम सध्या २०१६ चे आहेत. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती अर्ज करू शकते. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो. माणूस कसा आहे, त्याच्यावर गुन्हे आहेत का, धोका खरा आहे का, याचा अहवाल वर जातो. हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीत एक क्रमांक मिळतो. काडतुसं किती घ्यायची, हेही परवान्यावर लिहिलेलं असतं.

कायद्यात एक तरतूद अशी आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. सगळ्या बंदुकांना एकच निकष नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक, म्हणजे किमान २० इंच नळीची, मागितली असेल, किंवा शेतकऱ्यानं पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल, आणि नाकारण्याजोगं काही कारण नसेल, तर अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. तिथे अर्जदाराकडे योग्य कारण आहे, याची अधिकाऱ्याला खात्री पटावी लागते.

यामागचा विचार सरळ आहे. लांब बंदूक शर्टाखाली लपत नाही. ती घेऊन कुणी लग्नाच्या मांडवात किंवा निवडणुकीच्या बूथवर गेला तर चार लोकांना दिसते. पिस्तूल लपतं.

अर्ज नाकारण्याची कारणंही कायद्यात दिलेली आहेत. मानसिक स्थिती ठीक नसणं, इतर कारणानं अपात्र असणं, सार्वजनिक शांततेला धोका असणं. आणि एक कारण चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे कागदावर तरी बंदूक फक्त श्रीमंतांसाठी नाही. बाजारात मात्र चित्र वेगळं आहे. परदेशी बंदुकांची आयात सामान्यांसाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर आणलं, त्याचीच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती.

कोणतं हत्यार मिळतं, याचीही विभागणी आहे. पॉइंट ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, बारा बोअरची बंदूक ही सर्वसाधारण परवान्यात बसतात. ९ एमएमचं पिस्तूल किंवा एके रायफल ही निषिद्ध शस्त्रं. ती पोलीस आणि लष्कराची. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त टाडातून सुटला, पण विनापरवाना ९ एमएम पिस्तूल आणि एके-५६ बाळगल्याबद्दल याच शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा पाच वर्षांवर आणली आणि उरलेली शिक्षा त्यानं येरवड्यात भोगली.

हा कायदा फक्त बंदुकीचा आहे असंही नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार, घरकाम किंवा शेतीकामाचं नसेल, तर तेही याच्या कक्षेत येऊ शकतं. ‘भाईचा बर्थडे’ म्हणून भर चौकात तलवारीनं केक कापणाऱ्यांवर जे गुन्हे दाखल होतात, ते याच कायद्याखाली.

परवाना म्हणजे गोळी झाडायची मुभा नाही

इथे अनेकांचा गोंधळ होतो. परवाना हत्यार बाळगण्याचा असतो. ते चालवल्यावर तुम्ही बरोबर की चूक, हे भारतीय न्याय संहितेतल्या स्वसंरक्षणाच्या तरतुदी ठरवतात, म्हणजे कलम ३४ ते ४४. समोरून धोका किती होता आणि तुम्ही त्याच्या प्रमाणातच बळ वापरलं का, हे कोर्टात तपासलं जातं. शेतकऱ्यालाही तेच. पीकसंरक्षणाचा परवाना असला तरी रानडुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. नाहीतर वन्यजीव कायदा आडवा येतो.

कोकणातल्या शेतकऱ्याची यात चांगलीच फरफट होते. घरात आजोबांच्या काळापासूनची ठासणीची किंवा सिंगल बार बंदूक, भाताच्या शेतात डुकरं आणि नारळावर वानरं. त्यात निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचं फर्मान. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं एका पाठोपाठ एक लागलं की बंदूक घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहते. खरं तर सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करा, असा नियम नाही. एका परवानाधारकाच्या याचिकेवर २००९ मध्ये मुंबई हायकोर्टानं यात लक्ष घातलं होतं. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्ह्यात छाननी समिती असते आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले किंवा पूर्वी दंगलीत नाव आलेले, अशांची शस्त्रं जमा करण्यावर भर असतो. पण प्रत्येकाची फाईल तपासण्यापेक्षा सगळ्यांना नोटीस काढणं सोपं, हे कुठल्याही सरकारी कार्यालयात गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरं टोक बघायचं तर कोडगूला जावं लागेल. कर्नाटकातल्या या जिल्ह्यात कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. बंदुकीची पूजा हा तिथल्या सणाचा भाग. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ही सूट २०२९ पर्यंत वाढवली.

गळती कुठे होते?

सरकारी आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. लोकसंख्येचा फरक धरला तरी ही तफावत धोक्याच्या प्रमाणानं समजावता येत नाही. काही भागांत बंदूक ही प्रतिष्ठेची वस्तू आहे, लग्नात मिरवायची. परवाना मिळवणं म्हणजे साहेबांपर्यंत आपली पोहोच आहे, हे चार लोकांना दाखवणं.

तिसऱ्या क्रमांकावरच्या पंजाबच्याही वर, ३ लाख ६९ हजार परवान्यांसह जम्मू-काश्मीर दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्याची कहाणी नंतर सीबीआयच्या तपासात बाहेर आली. २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या जिल्ह्यांतून पावणेतीन लाखांच्या आसपास परवाने अपात्र लोकांना दिल्याचा आरोप आहे. पैसे घेऊन, आणि त्यातले अनेक दुसऱ्या राज्यांतल्या माणसांना. सनदी अधिकाऱ्यांपर्यंत तपास गेला.

महाराष्ट्रात प्रश्न थोडा वेगळा दिसतो. अपील कुणाकडे जातं ते बघा. जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज नाकारला तर कलम १८ नुसार विभागीय आयुक्तांकडे दाद मागता येते. पोलीस आयुक्तांनी नाकारला तर राज्य सरकारकडे, म्हणजे प्रत्यक्षात गृहखात्याच्या मंत्र्यासमोर. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात हेच प्रकरण गाजलं. एका कुख्यात गुंडाच्या भावाचा अर्ज पोलिसांनी फेटाळला होता. गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात परवाना देण्याचा आदेश दिल्याचं समोर आलं. अर्जदार जुन्या खटल्यांतून निर्दोष सुटला आहे, असं मंत्र्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी परवाना दिलाच नाही. दोन्ही बाजू कायद्यावरच बोट ठेवत होत्या, कारण कायदा दोघांनाही जागा देतो. दोषी न ठरलेला माणूस अपात्र नाही, आणि दोषी न ठरलेला माणूसही सार्वजनिक शांततेला धोका असू शकतो.

परवाना योग्य माणसाला मिळाला तरी हत्यार त्याच्याच हातात राहील याची खात्री नसते. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये शिवसेना ठाकरे गटाचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली. ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, ते हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. आपलं शस्त्र विनापरवाना माणसाच्या हाती देणं हा गुन्हा आहे. पण गुन्हा घडेपर्यंत ते तपासायचं कुणी? आणि हत्यार मालकाच्याच हातात असलं तरी ते सुरक्षित असतं असंही नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी घुसली ती त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून.

या सगळ्याहून मोठा आकडा विनापरवाना हत्यारांचा आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या स्वित्झर्लंडमधल्या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार, भारतातल्या नागरिकांकडे सात कोटींहून जास्त बंदुका आहेत आणि त्यातल्या सहा कोटींहून जास्त कुठेही नोंद नसलेल्या. हा अंदाज आहे, मोजणी नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. पण गावठी कट्ट्याला परवाना लागत नाही आणि कट्टा वापरणारा अर्जही करत नाही, एवढं खरं.

२०१९ ची दुरुस्ती: शिक्षा वाढली, निकष तसेच

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेनं कायदा आणखी कडक केला. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रं ठेवता यायची. सरकारनं आधी एकच ठेवू द्यायचा प्रस्ताव आणला होता. त्यावर पंजाब, राजस्थानपासून विरोध झाला. वडिलोपार्जित बंदुकांचं काय करायचं, असा सवाल होता. शेवटी तडजोड दोनवर झाली. नामांकित नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे, त्यामुळे कोल्हापूरच्या रेंजवर सराव करणाऱ्या पोरांना काळजी नव्हती.

विनापरवाना साधं शस्त्र सापडलं तर आता किमान दोन ते कमाल पाच वर्षं शिक्षा. निषिद्ध शस्त्राला सात ते चौदा वर्षं. विनापरवाना बंदूक बनवणं आणि विकणं यासाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पोलिसाची बंदूक हिसकावली तर दहा वर्षं ते जन्मठेप. लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेनं गोळीबार केला आणि त्यानं कुणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. नूतनीकरण हा परवानाधारकाची पुन्हा चौकशी होण्याचा हमखास क्षण असतो. तो आता दोन वर्षं उशिरा येतो. शिक्षेच्या बातम्या झाल्या, याची फारशी झाली नाही. आणि पिस्तुलासाठी योग्य कारण म्हणजे काय, हे ठरवण्याचं काम जिथे होतं तिथेच राहिलं. २०१६ च्या नियमांत व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणानं जीविताला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज असलेली व्यक्ती, असं वर्णन आहे. सराफ त्यात बसतो. रोकड घेऊन फिरणारा व्यापारी बसतो. वाळू किंवा राखेच्या धंद्यातला माणूसही, कागद नीट जमवले तर, बसतो. धोका खरा आहे की नाही हे सांगणारा अहवाल शेवटी स्थानिक पोलीस ठाण्यातून निघतो.

बीडचं पुढे काय झालं?

आरडाओरडा झाल्यावर बीडमध्ये परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली. पोलिसांनी गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांची यादी काढली, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आणि जानेवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कलम १७ नुसार परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून होता. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, वरून कुणाची परवानगीही लागली नाही. जी फाईल बघून परवाना रद्द झाला, तीच फाईल बघून तो एकेकाळी दिला किंवा चालू ठेवला गेला होता.

परवाना रद्द झाला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ते लगेच सरकारचं होत नाही. आणि ज्यांचे परवाने गेले, त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करण्याचा मार्ग कलम १८ नं खुला ठेवलेला आहे.